गाडीच्या गादीची सफाई



‘वरून कीर्तन, आतून तमाशा’ ही म्हण आपण माणसांसाठी वापरतो. ती मोटारींनाही तितकीच लागू पडते. रविवारी सकाळी कुठल्याही कॉलनीतून चक्कर मारा. बादली, फडकं आणि शाम्पू घेऊन मंडळी गाडी चकाचक करत असतात. बोनेटमध्ये चेहरा दिसेपर्यंत घासतात. पण दार उघडून पाहावं तर पायाखाली शेंगांची फोलपटं, सीटच्या फटीत बिस्किटांचा चुरा, मागच्या सीटवर मुलांनी सांडलेल्या दुधाचा डाग आणि या सगळ्यावर पांघरूण घालायला डॅशबोर्डावर अत्तराची बाटली! बाहेरची धूळ जगाला दिसते म्हणून आपण ती पुसतो. आतली धूळ मात्र आपल्याच नाकात जात असते.

कवीला या विषयावर बोलायला कसं बोलावलं, असं तुम्हाला वाटेल. मी मराठीत कविता लिहितो आणि माझं शिक्षण बी.ए.पर्यंतचं. यंत्राशी माझा संबंध सायकलच्या पंपापुरता. पण दोन कारणांनी हा विषय माझ्या घरात शिरला. पहिलं कारण म्हणजे आमचं घराणं पिंजाऱ्याचं. अब्बा गावोगाव फिरून कापूस पिंजत, गाद्या भरत. त्यामुळे गादी, आस्तर, टाका या शब्दांतच माझं बालपण गेलं. दुसरं कारण माझा भाचा. पुण्याच्या एका गॅरेजात चार वर्षं काम करून तो परत आला आणि सांगली-मिरज रस्त्यालगत त्याने गाड्या आतून-बाहेरून साफ करण्याचं छोटं सेंटर टाकायचं ठरवलं. पतसंस्थेकडून दीड लाखाचं कर्ज मंजूर झालं. संस्थेने दोन जामीन मागितले. एक जामीन त्याचा मित्र आणि दुसरा मी. आपाने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, जागेच्या अनामतीसाठी हातातल्या पाटल्या गहाण ठेवल्या. आता बहिणीच्या पाटल्या आणि आपली सही ज्या यंत्रात अडकणार, त्या यंत्राची माहिती करून घेणं भागच होतं. ती माहितीच आज तुमच्यापुढे ठेवतो. ज्यांना असा धंदा करायचा आहे त्यांना ती उपयोगी पडेल आणि ज्यांना फक्त घरची गाडी साफ ठेवायची आहे त्यांनाही.

आधी गाडीच्या आत असतं काय ते पाहू. पायाखालचा गालिचा बहुधा नायलॉन, पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलिनच्या धाग्याचा असतो. त्याच्याखाली जाड नमद्यासारखा थर असतो आणि त्याच्याखाली लोखंडी पत्रा. सीटवर पॉलिएस्टरचं कापड किंवा रेक्झिन असतं. विकणारा ज्याला चामडं म्हणतो, ते पुष्कळदा कृत्रिम चामडंच असतं. सीटच्या आत पॉलियुरेथेनचा फोम असतो. हा फोम म्हणजे मोठा स्पंज. तो पाणी पितो भराभर आणि सोडतो सावकाश.

अब्बांचा एक नियम होता. गादी धुवायची नाही, गादी उन्हात घालायची. कापसाची गादी भिजली तर उसवता येत असे. कापूस उन्हात पसरायचा, पुन्हा पिंजायचा, पुन्हा भरायचा. गाडीच्या सीटला ही सोय नाही. ती उसवून फोम उन्हात घालणं ज्याच्या-त्याच्या आवाक्यातलं काम नव्हे. म्हणून गाडीच्या गादीत जे पाणी आपण घालू ते त्याच दिवशी बाहेर काढता आलं पाहिजे. यंत्र निवडताना ही एकच गोष्ट पक्की धरली तरी निम्मी निवड होऊन जाते. यंत्र पाणी किती जोरात मारतं, याला महत्त्व कमी. मारलेलं पाणी परत किती ओढून घेतं, हे महत्त्वाचं. ओल राहिली तर दोन दिवसांत बुरशी धरू शकते, कुबट वास सुटतो. पावसाळ्यात तर विचारूच नका. आणि कार्पेटखाली पाणी मुरलं तर पत्र्याला गंज चढतो, तो वर्षानुवर्षं कुणाला दिसत नाही.

दुसरी गोष्ट मळाची. मळाच्या जाती असतात. आमच्या कृष्णाकाठी मुख्य मळ काळ्या मातीचा. ही माती अत्यंत बारीक असते आणि पाणी लागलं की फुगते, चिकटते. शेतातून आलेल्या बुटांची माती कोरडी असताना यंत्राने ओढली तर सहज निघते. त्याच मातीवर आधी पाणी मारलं की तिचा चिखल होतो आणि तो चिखल धाग्यांच्या मुळाशी जाऊन बसतो. त्यामुळे आधी कोरडी सफाई, मग ओली, हा क्रम कधीही मोडू नये. वाळूचंही तसंच. तिचे कण धारदार असतात. आपण बूट घासतो तसे ते धागा कापत राहतात.

दुसरा मळ चिकट. घाम, तेल, चहा, उसाचा रस, गूळ. गूळ आणि रस कोमट पाण्यात विरघळतात. दूध, रक्त, उलटी यांत प्रथिनं असतात आणि प्रथिनांना उष्णता लागली की ती घट्ट होतात. अंडं उकडल्यावर काय होतं ते आठवा. म्हणून अशा डागावर आधी गार पाणीच वापरायचं. वाफ तर मुळीच मारायची नाही.

तिसरा मळ रंगाचा. सांगली हे हळदीचं मोठं पेठेचं गाव. त्यामुळे हळदीचा डाग आमच्याकडे पाचवीला पुजलेला. या डागावर कुणी कडक साबण घासला की डाग लालभडक होतो आणि धुणारा घाबरतो. यात जादू नाही. हळदीत चुना मिसळला की कुंकू होतं, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. साबण चुन्यासारखाच अल्कधर्मी, म्हणून तोच प्रकार घडतो. हळदीला सौम्य शाम्पू लावावा आणि त्यानंतर ऊन द्यावं. हळदीचा रंग उन्हात विटतो. इथे सर्वांत उत्तम यंत्र आकाशात आहे आणि ते फुकट आहे.

आता बाजारातल्या यंत्रांकडे येऊ. पहिलं म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर. त्याची गोष्ट मोठी गमतीची आहे. १९०१ साली लंडनमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनिअरने धूळ ओढून घेणारं यंत्र तयार केलं. त्याआधी धूळ फुंकून उडवणारी यंत्रं होती. बूथला वाटलं, धूळ फुंकली तर ती पुन्हा बसणारच, ती ओढून घ्यायला हवी. असं सांगतात, की त्याने एका हॉटेलात खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला आणि तोंडाने हवा ओढून पाहिली. रुमालाच्या खालच्या बाजूला मळाचा ठसा उमटला. म्हणजे या यंत्राचा पहिला प्रयोग गादीवरच झाला म्हणायचा! त्याचं यंत्र घोडागाडीवर असे. ते रस्त्यात उभं करून लांबलचक नळ्या खिडकीतून घरात सोडत. पुढे अमेरिकेत जेम्स मरे स्पँगलर नावाच्या माणसाने हातात धरून चालवायचं विजेचं यंत्र बनवलं. त्याला १९०८ साली पेटंट मिळालं. हा स्पँगलर एका दुकानात झाडलोट करणारा कामगार होता आणि त्याला दम्याचा त्रास होता. झाडू मारताना उडणाऱ्या धुळीने तो हैराण व्हायचा. ज्याच्या छातीत धूळ जात होती त्यानेच धुळीवर उपाय शोधला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

कारण आपल्याकडे अजूनही अनेक सेंटरांत कंप्रेसरच्या हवेने गाडी आतून ‘मारतात’. फटीतली धूळ उडवायला ती हवा चांगली, यात शंका नाही. पण उडालेली धूळ जाते कुठे? ती मारणाऱ्या पोराच्या छातीत जाते. हवा मारायचीच असेल तर दुसऱ्या हातात व्हॅक्यूमची नळी चालू हवी आणि तोंडावर मास्क हवा.

व्हॅक्यूम घेताना बहुतेक जण खोक्यावरचे वॅट पाहतात. ‘१६०० वॅट’ असं ठळक छापलेलं असलं की गिऱ्हाईक खूश. पण वॅट म्हणजे यंत्र वीज किती खातं त्याचा आकडा. ते काम किती करतं, हे त्यावरून कळत नाही. जास्त जेवणारा माणूस जास्त काम करतोच असं नाही, हे आपल्याला घरोघरी माहीत आहे! युरोपीय संघाने घरगुती व्हॅक्यूमवर २०१४ साली १६०० वॅटची आणि २०१७ साली ९०० वॅटची मर्यादा घातली. तरीही तिथली घरं साफ होतातच. तेव्हा दुसरे दोन आकडे विचारावेत. एक ओढ, म्हणजे सक्शन. ती किलोपास्कलमध्ये किंवा पाण्याच्या मिलिमीटरमध्ये देतात. २० किलोपास्कल म्हणजे पाण्याचा सुमारे दोन मीटर उंच स्तंभ तोलून धरण्याइतकी ओढ. दुसरा आकडा हवेच्या प्रवाहाचा, म्हणजे सेकंदाला किती लिटर हवा खेचली जाते तो. ओढ मळाला जागचं हलवते आणि प्रवाह त्याला टाकीपर्यंत वाहून नेतो. दोन्ही हवं. दुकानदाराला हे आकडे सांगता आले नाहीत, तर त्याला माहितीपत्रक दाखवायला सांगावं.

गाडीच्या लायटरच्या भोकात घालून चालणारे छोटे व्हॅक्यूम मिळतात. त्यांचं गणित साधं आहे. गाडीची वीज १२ व्होल्टची. त्या भोकाला बहुधा १० ते १५ अँपिअरचा फ्यूज. १२ गुणिले १० म्हणजे १२० वॅट, फार तर १८० वॅट. एवढ्या विजेत बिस्किटाचा चुरा, सांडलेले चुरमुरे उचलले जातील. रुतलेली माती उचलणं त्यांच्या कुवतीबाहेरचं. त्यांच्याकडून तेवढीच अपेक्षा ठेवली तर ते वाईट नाहीत.

ज्याला खरोखर काम करायचं आहे त्याने कोरडं-ओलं दोन्ही ओढणारं यंत्र घ्यावं. त्याला बाजारात ‘वेट अँड ड्राय’ म्हणतात. घरच्या गाडीला १५ लिटरच्या आसपासची टाकी पुरते, धंद्याला ३० लिटरची बरी. त्यात कोरड्या कामासाठी कागदी किंवा कापडी फिल्टर असतो. ओल्या कामाआधी तो कागदी फिल्टर काढून फोमचा बसवावा लागतो, नाहीतर कागदाचा लगदा होतो. टाकी भरली की हवेची वाट बंद करणारा तरंगता गोळा आत असतो. तो आहे की नाही आणि सहज हलतो की नाही, हे झाकण उघडून पाहावं. नुसतं कोरडं ओढणाऱ्या घरगुती यंत्राने मात्र पाणी ओढायला जाऊ नये. तिथे पाणी मोटारीत जातं आणि विजेशी गाठ पडते.

नळीला कोणती तोंडं मिळतात, हेही पाहावं. गाडीत सर्वांत जास्त राबतं ते चपटं, निमुळतं तोंड. सीटचे रूळ, हँडब्रेकची बाजू, सीट आणि पाठ यांच्यामधली फट, इथे तेच शिरतं. रुंद तोंड सीटसाठी, ब्रशचं तोंड कार्पेटसाठी. नळी मागच्या दारापर्यंत आणि डिकीपर्यंत पोचली पाहिजे. नाहीतर दर पाच मिनिटांनी यंत्र ओढत फिरावं लागतं.

त्यापुढचं यंत्र पाणी फवारतं आणि त्याच तोंडाने लगेच ओढून घेतं. त्याला ‘एक्स्ट्रॅक्टर’ म्हणतात. त्याच्या दोन टाक्या असतात, एक स्वच्छ पाण्याची आणि एक मळक्या पाण्याची. पुष्कळ लोक याला ‘स्टीम’ म्हणतात. ते बरोबर नाही. यात वाफ नसते, कोमट किंवा गरम पाणी असतं. याचं तोंड पारदर्शक असेल तर फार बरं. त्यातून जाणारं पाणी आधी बिनदुधाच्या चहासारखं दिसतं आणि हळूहळू निवळत जातं. कधी थांबायचं हे डोळ्यांनीच कळतं. काम करताना एकदा फवारून ओढलं की दोनदा नुसतं कोरडं ओढावं, हा नियम ठेवावा.

खरी वाफ करणारं यंत्र वेगळं. त्यात बंद भांड्यात पाणी उकळतं. दाब ४ बारपर्यंत चढला की आतली वाफ १५० अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. बाहेर पडताना ती झपाट्याने निवते, पण हात भाजायला पुरेशी असते. एसीच्या जाळ्या, सीटचे लोखंडी रूळ, दारांच्या कडा यांचा चिकट मळ ती छान सोडवते. मात्र छताचं कापड पातळ फोमवर सरसाने चिकटवलेलं असतं. त्याला वाफ लागली की सरस सुटतो आणि कापड तंबूसारखं लोंबतं. चामड्याला, पडद्यांना, बटणांना वाफ नको. आणि एक गोष्ट वाफ करत नाही, ती म्हणजे मळ उचलणं. ती मळ सोडवते, उचलायला पुन्हा व्हॅक्यूम किंवा फडकं लागतंच.

भाच्याच्या खरेदीच्या वेळी नेमका इथेच पेच पडला. एक विक्रेता ‘थ्री इन वन’ यंत्र घेऊन आला. फवारा, वाफ, व्हॅक्यूम सगळं एकात, किंमत ८५ हजार. तो म्हणाला, “गिऱ्हाईक वाफ बघून येतं. धूर दिसला की पैसे देतं.” भाच्याचे डोळे चमकले. मला म्हणाला, “मामू, हे घेतलं की नाव होईल.” मी त्याला विचारलं, “बेटा, नाव वाफेचं होणार की तुझं?” तो गप्प बसला, पण मान खालीच होती. तरुण पोराचा हिरमोड करणं सोपं असतं आणि त्याच्या जागी दुसरं काही देणं अवघड असतं. मग त्यानेच एक युक्ती काढली. शेजारच्या किराणा दुकानातून तराजू आणला. जुन्या गाडीची कापडी मॅट कोरडी वजन केली. तिच्यावर एक लिटर पाणी ओतलं. विक्रेत्याला म्हणाला, आता तुमच्या यंत्राने ओढा. दोन मिनिटं ओढून झाल्यावर मॅट पुन्हा तराजूत घातली. निम्म्याहून अधिक पाणी मॅटमध्येच होतं. मग तीच मॅट, तेवढंच पाणी आणि दुसऱ्या दुकानातून चाचणीसाठी आणलेलं दोन मोटारींचं साधं ओलं-कोरडं व्हॅक्यूम. त्याने बहुतेक सगळं पाणी परत आणलं. त्याची किंमत पहिल्याच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी होती.

श्रोतेहो, ही तराजूची परीक्षा मला कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा भरवशाची वाटते. विकत घेण्याआधी ती करू द्या, असं सांगा. जो विक्रेता नकार देईल त्याला नमस्कार करावा आणि पुढच्या दुकानात जावं.

भाच्याने शेवटी ते दोन मोटारींचं यंत्र घेतलं. त्याला जोडायचं चपटं पारदर्शक तोंड, हाताने दाब भरायचा पाच लिटरचा फवारा, जमिनीवर ठेवायचा वारा मारणारा पंखा, मऊ-कडक ब्रशांचा एक संच आणि मायक्रोफायबरची दोन डझन फडकी घेतली. ब्रश स्वस्त असतात, पण त्यांतही निवड लागते. सीटच्या कापडाला मऊ, पायाच्या मॅटला कडक, जाळ्यांना रंगाऱ्याचा छोटा ब्रश. ड्रिलला लावून फिरवायचे ब्रश मिळतात, ते कार्पेटवर चालतात. सीटच्या कापडावर मात्र त्याने गोळे उठतात. उरलेल्या पैशातला मोठा भाग त्याने विजेवर घातला. त्या खर्चाला गिऱ्हाईक कधी दाद देत नाही, कारण तो दिसत नाही. पण मला विचाराल तर तीच सर्वांत चांगली खरेदी.

ते का, ते सांगतो. ओल्या जमिनीवर, ओल्या हाताने, विजेचं यंत्र चालवायचं हे काम आहे. साध्या ६ अँपिअरच्या प्लगला २३० व्होल्टवर जेमतेम १३८० वॅट पेलतात. मोठ्या यंत्राला १६ अँपिअरचाच प्लग हवा आणि अर्थिंग हवंच. ३० मिलिअँपिअरला तुटणारं सुरक्षा बटण, ज्याला आरसीसीबी म्हणतात, ते बसवलं की वीज कुठे गळू लागताच क्षणात प्रवाह तुटतो. एक्स्टेन्शनची वायर बारीक घेऊ नये. ती तापते आणि यंत्राचा जोरही कमी होतो. आणि ती वायर पाण्यातून लोळत नेऊ नये. धुणारी पोरं सतरा-अठराची असतात, पायात रबरी चपलाही नसतात. त्यांच्या आईबापांनी त्यांना आपल्याकडे विश्वासाने पाठवलेलं असतं.

गाडीतली वीजही विसरू नये. पुढच्या सीटखाली वायरींचे जोड असतात. पिवळ्या रंगाचे जोड बहुधा एअरबॅगचे. ते ओढायचे नाहीत, भिजवायचे नाहीत. काही गाड्यांत एअरबॅग सीटच्या कुशीतच असते. बारीक भोकं असलेल्या काही सीटच्या आत थंड हवेचा पंखा असतो. अशा सीटवर फवारा मारू नये, ओलसर फडक्याने पुसावं.

मिरजेला दवाखाने फार. लांबलांबच्या गावांतून, सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही रुग्ण येतात आणि त्यांना घेऊन भाड्याच्या गाड्या येतात. एका संध्याकाळी असाच एक ड्रायव्हर भाच्याकडे आला. रुग्णाला रक्ताची उलटी झाली होती, मागची सीट भरली होती. दुसऱ्या पहाटे पाचला त्याच कुटुंबाला परत न्यायचं होतं. ड्रायव्हर म्हणाला, “भाऊ, त्या बाईंना याच सीटवर बसायचंय. त्यांना काल काय झालं ते दिसायला नको.” भाच्याने हातमोजे घातले, मास्क बांधला. जेवढं पुसून निघतं तेवढं आधी कागदाने पुसून बंद पिशवीत टाकलं. मग गार पाणी थोडंथोडं फवारून ओढलं, पुन्हा फवारून ओढलं. एन्झाइमचं औषध लावून थांबला, पुन्हा ओढलं. जंतुनाशक लावलं. नंतर चारही दारं उघडून रात्रभर पंखा. यंत्राची टाकी जंतुनाशकाने धुऊन पालथी घातली, कारण ती तशीच ठेवली तर दुसऱ्या दिवशी यंत्रच घाण मारतं. पहाटे सीट हाताला कोरडी लागत होती. तिथे वाफेचं यंत्र असतं तर रक्त शिजून बसलं असतं आणि पाणी नीट न ओढणारं यंत्र असतं तर त्या आजारी बाई ओल्या सीटवर बसून गावी गेल्या असत्या. त्या दिवसापासून दवाखान्यांच्या रस्त्यावरचे ड्रायव्हर भाच्याकडेच येतात. वाफ बघायला कुणी आलेलं नाही.

पुराच्या गाडीबद्दलही दोन शब्द सांगायला हवेत. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा कितीतरी गाड्या बुडाल्या. अशा गाडीला वरवरचा व्हॅक्यूम कामाचा नाही. ते पाणी गटाराचं असतं. सीट आणि कार्पेट बाहेर काढावीच लागतात, खालचा थर बहुधा बदलावाच लागतो. हे काम कुशनवाल्याचं आणि गॅरेजचं. ‘मी मशीनने करून देतो’ असं जो म्हणेल त्याच्यावर विश्वास ठेवू नये. आपलं यंत्र काय करू शकत नाही, हे गिऱ्हाइकाला सांगणं हाही धंद्याचाच भाग आहे.

ज्यांना धंदा करायचा नाही, फक्त घरची एक गाडी आहे, त्यांनी मोठं यंत्र घेण्याच्या फंदात पडू नये. ओढून घेणारं एक मध्यम ओलं-कोरडं व्हॅक्यूम घ्यावं. ते घरातही उपयोगी पडतं, गॅलरीत साचलेलं पाणीही उपसतं. एक मऊ ब्रश, एक कडक ब्रश, फवाऱ्याची बाटली, चार चांगली फडकी आणि सौम्य शाम्पू एवढं पुष्कळ झालं. कपडे धुण्याची पावडर वापरू नये. ती कापडात राहते आणि नवा मळ धरून ठेवते. कुठलंही औषध आधी सीटच्या खालच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यात लावून पाहावं. खोल सफाई वर्षातून एक-दोनदा, तीही पावसाळा संपल्यावर, ऊन असताना करावी. पावसात करायचीच वेळ आली तर काम झाल्यावर काही वेळ एसी चालू ठेवावा, तो हवेतली ओल ओढून घेतो. मॅट मात्र दर आठवड्याला झटकाव्यात. त्यासाठी यंत्र लागत नाही, मनगट लागतं.

धंदा करणाऱ्या तरुणांना शेवटी एक हिशेब सांगतो. कुठलंही यंत्र घेण्याआधी कागदावर लिहा. यंत्राची किंमत किती आणि त्या यंत्रामुळे प्रत्येक गाडीमागे जादा मिळणार किती. ४० हजारांचं यंत्र आणि गाडीमागे जादा ४०० रुपये असतील, तर पहिल्या १०० गाड्या त्या यंत्राच्या. एकशे एकावी तुमची. तेवढ्या गाड्या तुमच्या रस्त्यावर किती महिन्यांत येतील, ते स्वतः चार दिवस रस्त्यावर उभं राहून मोजा. भाच्याने असंच मोजून दुसऱ्या वर्षी एक्स्ट्रॅक्टर घेतला, तोही कर्ज न काढता. पतसंस्थेचे हप्ते वेळेवर जातात. आपाच्या पाटल्या गेल्या ईदच्या आधी सुटून आल्या. तिने त्या हातात घातल्या आणि पहिल्यांदा काय केलं असेल, तर भाच्याच्या दुकानात जाऊन सगळ्या ब्रशांवरून हात फिरवून पाहिला, स्वच्छ धुतलेत की नाही!

आणि एक विनंती तुम्हा गाडीवाल्यांना. सेंटरवर गाडी देताना आत काय सांडलंय ते लाजू नका, खरं सांगा. दूध की चहा, हळद की रक्त, यावर पाणी गार की कोमट हे ठरतं. गाडी परत घेताना सीटवर तळहात दाबून पाहा. ओल लागली तर थांबा आणि वाळवून मागा. आणि काम चांगलं झालं असेल तर ते करणाऱ्या पोराला तसं सांगा. आपल्या पायाखालची माती त्याने हाताने काढलेली असते.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)